बेत

कापड नुसतं कापायचं नसतं, आधी बेतायचं असतं. खडूनं खुणा करायच्या, धागा उभा की आडवा ते पाहायचं, पट्टीभर कापड कुठे वाचतंय ते शोधायचं आणि मग कात्री घालायची. आमच्याकडे कापड आणि स्वयंपाक दोन्ही एकाच टेबलावर बेतले जातात. मेथी निवडून झाली की देठं कागदात गुंडाळायची, टेबल आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि त्यावर खण उलगडायचा. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत दोन बटव्यांच्या खुणा होतात.

गेल्या मार्गशीर्षात मी असे चाळीस बटवे शिवले, संक्रांतीच्या वाणासाठी. वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्या आणि चाळण्या मीही वर्षानुवर्षं लुटल्या आहेत. दुकानात जाऊन चाळीस नग उचलले की काम होतं. पण त्यातली एकही डबी कुणासाठी म्हणून घेतलेली नसते, ही गोष्ट मला फार लागत असे. बटवा बेतताना मात्र माणूस डोळ्यांपुढे येतोच. ही भजनाला जाते, हिचा टाळ मावला पाहिजे. हिच्या चष्म्याचं घर लांबट आहे. हिला गुलाबी आवडत नाही, हे मला कधी कळलं आणि लक्षात कसं राहिलं, ते हातात कात्री असतानाच आठवतं.

खण गुळेदगुड्डचे होते. बागलकोट जिल्ह्यातल्या त्या गावचे माग आपल्या देवघरांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे आहेत. देवीच्या ओटीतला त्रिकोणी घडीचा खण मूळचा तिकडचा. कापड दिसायला भरदार, पण कापलेली कड लगेच सुटायला लागते. म्हणून तुकडा कापला की त्याच दिवशी कडेनं टीप घालून ठेवायची, उद्यावर टाकायचं नाही. नोकरी करणाऱ्या बाईला हे ‘त्याच दिवशी’ सर्वांत अवघड. मग मी दिवसाला दोनच बटवे कापायचं ठरवलं. रात्री साडेनऊला ओटा आवरला की मशीनवर बसायचं आणि साडेदहाला उठायचं, कारण खालच्या मजल्यावरच्या काकांना लवकर झोपायची सवय आहे.

मशीन माझ्या आईचं. उषा, पायाचं, काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी. 1930च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्समध्ये उषा मशीन तयार होऊ लागली. त्याआधी शिवणयंत्र म्हटलं की सिंगरचंच नाव निघे. आयझॅक सिंगरनं आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं 1851 साली. यंत्रांच्या हव्यासाविरुद्ध आयुष्यभर बोलणाऱ्या गांधीजींनी 1924 साली एका विद्यार्थ्याशी बोलताना या एका यंत्राला अपवाद केला होता. हातानं टाके घालून शिणणारी बायको पाहून सिंगरला ते सुचलं, त्याच्या मुळाशी माया आहे, असं त्यांचं म्हणणं. सिंगरचा खरा संसार इतका सरळ नव्हता. पण गांधीजींना त्या यंत्रात जे दिसलं, ते मी लहानपणी रोज पाहिलं आहे. आई मशीनवर असायची आणि मी पायट्याच्या बाजूला चटईवर निजलेली. तो आवाज थांबला की मला जाग यायची.

आईनं शिकवलेल्या गोष्टींपैकी एक मी लेकीलाही सांगितली. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की सगळे आधी बॉबिन काढून बघतात. खोट बहुतेक वेळा वर असते. वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, म्हणून तो खाली सैल लोंबतो. तेव्हा दाब उचलायचा आणि वरचा दोरा पहिल्यापासून ओवायचा. लेक बारावीत आहे. तिला शिवणाची फारशी गोडी नाही, पण अभ्यासाचं पुस्तक घेऊन ती मशीनजवळच बसते. अकरा बटवे झाल्यावर तिनंच मान वर करून विचारलं, “आई, मागच्या बाजूच्या कोयऱ्या उलट्या का गं?”

खरंच उलट्या होत्या. तळाची शिवण वाचावी म्हणून मी तुकडा लांब कापून मधोमध दुमडत होते. साध्या कापडाला ते चालतं. खणाच्या नक्षीला खाली-वर असतं, आणि दुमडलं की मागची बाजू डोक्यावर उभी राहते. इतकी वर्षं शिवते आहे आणि हे माझ्या हातून अकरा वेळा झालं, याचं मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. लेकीनं ब्लेड घेतलं, मी सुई घेतली, आणि आम्ही दोघींनी मिळून अकराही बटव्यांच्या बाजू उसवल्या. तळाशी कापून मागचा भाग फिरवला, पुन्हा जोडला. त्या शिवणीत बटवा बोटभर आखूड झाला. तिला उसवणं फार सुरेख जमतं. तीन-चार टाक्यांमागे एक टाका तोडायचा आणि मग दुसऱ्या बाजूनं दोरा ओढायचा, की तो कापडाला न दुखवता अख्खा निघून येतो. त्या दुपारी तिनं कॉलेजातल्या बऱ्याच गोष्टी सांगितल्या. समोरासमोर बसून विचारल्या असत्या तर सांगितल्या नसत्या.

नाड्यांचं काम सासूबाईंचं. बटव्याला नाड्या दोन लागतात. एक नेफ्यातून पूर्ण फेरी मारून उजवीकडून बाहेर येते, दुसरी तशीच डावीकडून. दोन्ही टोकं दोन बाजूंना ओढली की तोंड मिटतं आणि मिटलेलं राहतं. चाळीस बटव्यांना ऐंशी नाड्या. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. सुईत दोरा ओवणं त्यांना आता जमत नाही, पण कापसाच्या वाती आणि वस्त्रं वळून तयार झालेली बोटं तशीच आहेत. रेशमी दोऱ्याचे सहा पदर घेऊन त्यांनी एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि दुसरं टोक बोटांत धरून पिळत बसल्या. पीळ पुरेसा भरला की दोरा आखडू लागतो, त्यात बारीक गाठी उठायला बघतात. तेव्हा तो मधोमध दुमडायचा आणि सोडून द्यायचा. दोन्ही पदर आपल्याआप एकमेकांभोवती उलटे वळत जातात आणि घट्ट नाडी तयार होते, तिला चिकटवावं-शिवावं काही लागत नाही. मी कितीदा तरी हे पाहिलंय. दरवेळी हातातलं काम सोडून बघत राहते.

ऐंशीव्या नाडीच्या दिवशी त्या म्हणाल्या, “अगं, झाल्या बघ सगळ्या. त्या दिवशी मी आतल्या खोलीत बसेन हं, तुमचं चालू दे.”

मामंजी जाऊन तेरा वर्षं झाली. पहिली काही वर्षं हळदीकुंकवाच्या संध्याकाळी सासूबाई आतून दार लोटून घेत आणि मी त्यांना कधी थांबवलं नाही. रीत म्हणून मी गप्प राहिले. ते माझं चुकलं, असं मी आज स्पष्ट म्हणेन. बाहेर तिळगूळ, अत्तर, गुलाबपाणी, आणि ज्या बाईनं तिळाचे लाडू वळले ती आत दिवा न लावता बसलेली. पुढे मी बोलावणं बदललं. सोसायटीतल्या सगळ्या बायकांना बोलावते, कुणाचं काय आहे ते पाहत नाही, आणि पहिलं वाण घरातल्या थोरल्या बाईला देते. तरी दरवर्षी त्या एकदा विचारून घेतात.

“आई, तुमच्यासाठी मोरपिशी ठेवलाय,” मी म्हटलं. “जपाची माळ मावेल एवढा मुद्दाम मोठा बेतलाय.”

त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी पलंगाखालची ट्रंक ओढल्याचा आवाज आला. मी गेले तर मांडीवर चंद्रकळा घेऊन बसलेल्या. सुती, काळी, लाल काठाची. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला, 1967 साली घेतलेली. पुढे सणाची राहिली नाही, रोजची झाली, आणि मामंजी गेल्यावर ट्रंकेत गेली. घडीच्या रेघांवर विरली होती. कापड जिथे दुमडतं तिथेच पहिल्यांदा जातं. पण घड्यांच्या मधले चौकोन शाबूत होते आणि हाताला असे मऊ लागत होते की दुकानातलं कुठलंच कापड लागत नाही.

“बटव्यांना अस्तर कर याचं,” त्या म्हणाल्या.

मला ते जड गेलं. एक तर कात्री लावायचा धीर होईना. दुसरं, काळं अस्तर बटव्याला बरं नाही. आत हात घातला तर सुटे पैसे, किल्ली, गोळ्यांची पट्टी, काही दिसत नाही. अस्तर फिक्या रंगाचं असावं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मग बाळाचं झबलं कर.”

थोरल्या जाऊबाईंच्या लेकीला मुलगा झालाय. सासूबाईंचा पणतू. त्याची पहिली संक्रांत आणि बोरन्हाण तोंडावर आलं होतं. बोरन्हाणाला काळं झबलं लागतं, त्यावर हलव्याचे पांढरे दागिने खुलतात. बाजारात मिळतात ती बहुतेक चमकत्या कापडाची, आत शिवणी टोचणारी. लहान मुलाच्या अंगाला जुनं धुवट सुतीच हवं. पूर्वी पहिली झबली, दुपटी, टोपडी आजीच्या पातळांचीच निघत, यात काटकसर होती, पण नुसती काटकसर नव्हती.

त्या रात्री मी एकच चौकोन कापला. झबलं बेतताना विरलेली रेघ कुठेही मध्ये येऊ नये म्हणून कागदी बेतणी चार वेळा फिरवून ठेवली. गळ्याला उरेब पट्टी लावली, म्हणजे गोलाईवर ताण येत नाही. शिवणी दुमडून आत बंद केल्या, एकही कड उघडी ठेवली नाही. बटण लावलं नाही. पाठीमागे दोन बंद, तेही सासूबाईंनी वळलेले. लाल काठ खाली घेराला आला. मशीनवर टीप घालताना कापड इतकं पातळ होतं की ते दातऱ्यांत ओढलं जाईल अशी भीती वाटली, म्हणून खाली वर्तमानपत्राची पट्टी धरून शिवलं आणि नंतर कागद फाडून काढला. हेही आईचंच.

चाळीस बटवे संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी गेले. कुणी लगेच कमरेला खोचला, कुणी आत वास घेऊन पाहिला, एकीनं उलटा करून शिवण पाहिली, आणि मला सर्वांत बरं त्या एकीचं वाटलं. मोरपिशी बटवा सासूबाईंनी मांडीवर धरून ठेवला होता. त्या दिवाणावर मधोमध बसल्या होत्या.

रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी जाऊबाईंकडे बोरन्हाण झालं. बाळ पाटावर, अंगात चंद्रकळेचं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार. सोसायटीतली पोरं भोवती टपून बसलेली. चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गोळ्या, सगळं डोक्यावरून ओतलं आणि एकच झुंबड उडाली. बाळ आधी दचकलं, मग त्याला मजा वाटली, मग त्यानं झबल्याचा लाल काठ दोन्ही मुठींत धरला आणि तोंडात घातला.

पुतणी घाईनं पुढे झाली. “अगं बाई, काळा रंग तोंडात जाईल त्याच्या!”

“जात नाही,” सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. “चाळीस वर्षं मी धुतलंय ते.”