नाका नको, हक्क हवा

खामगाव, मलकापूरच्या वेशीवर मालट्रक थांबवून जकात घेतली जायची. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली. नाके गेले, हे बरेच झाले. पण बदल्यात आले सरकारचे सहायक अनुदान. ते लांबले की सफाई कामगारांचे पगार लांबतात, आणि त्यात आपली माणसे जास्त. २०१७ मध्ये जीएसटीमुळे मुंबईची जकात जाताना तिथल्या सत्ताधाऱ्यांनी विरोध करून भरपाईचा कायदाच पदरात पाडून घेतला. बुलडाण्याच्या नगरपालिकांसाठी कोण भांडणार? ठरावीक रकमेवर चालणाऱ्या प्रांतांची ओढाताण बाबासाहेबांनी १९२५ च्या प्रांतिक वित्तावरील ग्रंथात मांडली आहे. आम्ही नाका परत मागत नाही, उत्पन्नाचा हक्क मागतो. मित्रांनो, आपल्या नगरसेवकाला अनुदानाचा हिशेब विचारा. जय भीम!