बियाण्याची पिशवी फोडण्याआधी पेरणी यंत्राची चेन बघा



मृग तोंडावर आलाय. आमच्या निफाड तालुक्यात सोयाबीनचं बियाणं, बीजप्रक्रिया, खतं यांची बोलणी सुरू झाली. पण शेडमध्ये वर्षभर उभ्या असलेल्या पेरणी यंत्राच्या चेनकडे फारसं कुणी बघत नाही.

यंत्राचं काम साधं आहे. जमिनीवर फिरणारं चाक चेन ओढतं, चेन पेटीखालचा दांडा फिरवते आणि दांडा बी सोडतो. म्हणजे सगळं बी एका चेनच्या भरवशावर. चेन दात्यावरून उड्या मारायला लागली की बी तुटक पडतं, उतरली की पडतच नाही. ट्रॅक्टरवर बसलेल्याला पत्ता लागत नाही, कारण फण तर माती उकरतच असतात.

गेल्या खरिपात आमच्या शिवारात एकाकडे भाड्याच्या यंत्राने असंच झालं. सहाव्या दिवशी कोंब दिसले, तर सगळ्या तासांत एकाच रेषेत हात-दोन हात मोकळी जमीन. आळ आला बियाण्यावर. एक खूण लक्षात ठेवा: एकच तास रिकामं असेल तर त्याची नळी चोंदलेली असते, सगळी तासं एकाच जागी रिकामी असतील तर आधी चेन तपासायची. मी जाऊन पाहिलं. चेन नवी कोरी, पण दातेरी चाक जुनंच, दाते विळ्यासारखे एका बाजूला कललेले. दुबार पेरणीला बी मिळालं, पण तोवर वाफसा गेला होता.

आपण म्हणतो चेन ताणली. खरं तर लोखंड ताणत नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीची बारीक नळी झिजते. केसाएवढी फट पडते, आणि अशा सगळ्या फटी मिळून चेन लांब होते. लांब चेन दात्याच्या बुडाशी न बसता टोकाकडे चढते आणि दाते खाते. मग नवी चेन झिजलेल्या चाकावर टाकली, की ते चाक नव्या चेनला खातं. म्हणून दाते कललेले दिसले तर दोन्ही एकदम बदला.

मोजायला टेप पुरे. अर्ध्या इंचाच्या पिचची चेन असेल तर ती ताणून धरा आणि पिनच्या मध्यापासून 24 घरं मोजा. नवी चेन 12 इंच भरते. सव्वाबारा भरली की तिची पाळी संपली.

चाक बदलताना दाते मोजून घ्या. जमिनीच्या चाकाकडचं 20 दात्यांचं काढून 18 चं बसवलं, तर एकरी 30 किलोच्या जागी 27 किलोच बी पडेल.

दोन्ही चाकं एका रेषेत हवीत. सरळ पट्टी लावली की कळतं. त्यांच्या मध्यांत दोन फूट अंतर असेल तर सैल बाजू साधारण अर्धा इंच हलली पाहिजे. फार घट्ट केली तर बेअरिंग जातं. चेनलॉकच्या पट्टीचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते तिकडे ठेवा, नाहीतर ढेकळाला अडकून पट्टी निघते.

खताची पूड ओल धरते आणि चेन गंजवते. पेरणी संपली की चेन काढा, डिझेलमध्ये ब्रशने धुवा, पुसा आणि कड्यांच्या फटीत स्वच्छ ऑइल सोडा. वरून लावलेलं ग्रीस आत पोचत नाही, उलट माती धरतं. इंजिनातलं काळं ऑइलही नको, त्यात झिजलेल्या धातूचा कीस असतो. बाहेरचं जास्तीचं ऑइल फडक्याने पुसून घ्या.

हे सगळं ट्रॅक्टर बंद करून, किल्ली खिशात ठेवून करा. यंत्र उचललेलं असेल तर खाली भक्कम टेकू द्या. चाक हाताने फिरवतानाही चेन आणि दात्यामध्ये बोट सापडलं तर पेर जातं. एकाने चाक फिरवायचं आणि दुसऱ्याने चेनला हात लावायचा, असं कधी करू नका. चेनवरचं झाकण परत बसवा.

शेवटी पेटीत थोडं बी टाका, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा आणि चाक हाताने 20 फेरे फिरवा. सगळ्या पिशव्यांत सारखं वजन आलं, चेनचा खटका ऐकू आला नाही, तर यंत्र शेतात न्यायला हरकत नाही. दोन तासांचं काम आहे, पाऊस पडायच्या आधीच उरकून घ्या.