तडीस नेण्याची विद्या

'आरंभशूर' हा शब्द मराठी माणूस स्वतःला हसतहसत लावून घेतो. तो आपल्या अंगवळणी इतका पडला आहे की त्यात कोणाला कमीपणाही वाटत नाही. त्याच्या उलट अर्थाचा, तितकाच रूढ शब्द मात्र आपल्याकडे नाही. आपण कामे तडीस नेतो, पार पाडतो. पण ती तडीस नेणाऱ्याला शूर म्हणण्याची रीत आपल्यात पडलेली नाही. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशूने बुरूज बांधायला निघालेल्या माणसाचा दाखला दिला आहे. त्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहील आणि येणारेजाणारे हसतील, असा त्याचा आशय. प्रौढ वयात पदवीचा अर्ज भरणाऱ्याने हा दाखला अवश्य वाचावा, असे आम्ही आता अनुभवाने सांगू शकतो.

२०२१ च्या जुलै सत्रात आमच्या धर्मग्रामातील तिघांनी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या एम.बी.ए. या शिक्षणक्रमास प्रवेश घेतला. एक आम्ही स्वतः, वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर. दुसरे गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये वीस वर्षे मुनीमकी करणारे गृहस्थ. तिसऱ्या जिल्हा परिषदेच्या शाळेतील एक शिक्षिका. या विद्यापीठाची स्थापना १९८५ सालची. १९८७ मध्ये त्याने अध्यापनास प्रारंभ केला तो दोनच पदविकांनी, आणि त्यातील एक व्यवस्थापनाची होती. नोकरदाराला नोकरी न सोडता शिकता यावे हा हेतू तेथे पहिल्यापासून आहे. आपल्या राज्याने १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ काढले आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेतले. आमच्या मुनीमजींची बी.कॉम. ही याच ज्ञानगंगेची देणगी. वडील गेल्यामुळे बारावीनंतर त्यांचे शिक्षण सुटले होते; तिशी ओलांडल्यावर ते त्यांनी मराठीतून पुरे केले.

दाखल्यातल्याप्रमाणे आम्ही आधी बसून हिशेब केला. एकूण २८ विषय, ११६ श्रेयांक. एका श्रेयांकास ३० तासांचा अभ्यास धरलेला. म्हणजे ३,४८० तास. शिक्षणक्रम कमीतकमी दोन वर्षांत आणि जास्तीतजास्त चार वर्षांत पुरा करावयाचा. चार वर्षे धरली तरी रोज, रविवार व सणवार न वगळता, सुमारे अडीच तास अभ्यास करणे आले. गुणांपैकी ३० टक्के घरी लिहावयाच्या स्वाध्यायांना आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षेला. आकडा कागदावर मांडल्यावर आम्ही तिघे थोडा वेळ गप्प बसलो. मग शिक्षिका म्हणाल्या, "फादर, अडीच तास कोठून आणायचे, एवढाच प्रश्न आहे ना?" एवढाच प्रश्न होता, आणि चार वर्षे तोच राहिला.

धर्मगुरूला व्यवस्थापनाची पदवी कशासाठी, असे धर्मग्रामातील काही ज्येष्ठांनी मोकळेपणाने विचारले. प्रश्न रास्त होता. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, धर्मसभेचा कायदा शिकलो. ताळेबंद मात्र धर्मग्रामाचा कारभार हाती आला त्या दिवशी किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर हाती आला. शाळा, वसतिगृह, शिक्षकांचे पगार, विश्वस्त संस्थेचे दरवर्षीचे लेखापरीक्षण ही सगळी कामे धर्मगुरूच्या टेबलावर येतात, आणि त्यातील प्रत्येक आकड्यामागे कोणाच्या तरी घरचा घाम असतो. तो आकडा वाचता येणे हा आम्ही आमच्या सेवेचाच भाग मानतो.

शिवाय ही विद्या धर्मसभेला परकी नाही. निर्गमच्या अठराव्या अध्यायात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो कामाची वाटणी शिकवतो. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेमावयास सांगतो. जमशेदपूरची झेवियर संस्था १९४९ मध्ये फादर क्विन एनराइट या येशूसंघीयांनी उभी केली ती पोलादनगरीतील कामगारसंबंधांच्या शिक्षणासाठी. कलकत्ता आणि अहमदाबाद येथील सरकारी व्यवस्थापन संस्था त्यानंतर बारा वर्षांनी, १९६१ मध्ये निघाल्या. स्पेनच्या बास्क प्रांतात मोंद्रागोन नावाच्या गावी होसे मारिया अरिझमेंदियारिएता हे तरुण धर्मगुरू १९४१ मध्ये आले. त्यांनी १९४३ मध्ये कामगारांच्या मुलांसाठी तंत्रशाळा काढली आणि तिच्यात शिकलेल्या तरुणांनी १९५६ मध्ये कामगारांच्याच मालकीचा सहकारी कारखाना सुरू केला. त्यातून पुढे सहकारी उद्योगांचा मोठा समूह उभा राहिला.

आणि आमच्या जिल्ह्याला तरी ही विद्या बाहेरून आली असे कोणी का म्हणावे? भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला हा गोंदिया जिल्हा तलावांचा मुलूख आहे. येथले मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला असे सांगतात. पाळ कोठे घालावी, पाट कसे काढावेत, कोणत्या बांधीला केव्हा पाणी द्यावे, याचा नेम ठरलेला असे आणि तो पाळण्यासाठी गावाने पाणकर नेमलेला असे. साधन थोडे, मागणारे पुष्कळ आणि वाटप सर्वांना मान्य होईल असे, याहून व्यवस्थापन ते वेगळे काय?

आमच्या अभ्यासाची घडी हळूहळू बसली. नागपूरच्या अभ्यासकेंद्रावरचे वर्ग बहुधा सुटीच्या दिवशी. रविवारी मिस्सा सोडून जाणे आम्हांस शक्य नव्हते. मुनीमजी शनिवारच्या मिस्साला येत, रविवारी पहाटेची गाडी पकडत, रात्री परतत आणि सोमवारी सायंकाळी आपली वही आमच्यापुढे ठेवीत. पुस्तके इंग्रजीत, ती आम्ही मराठीतून समजावून सांगत असू. पण शिकवणारे आम्ही आणि शिकणारे ते, हे नाते फार दिवस टिकले नाही. एकदा 'वर्किंग कॅपिटल' हे प्रकरण निघाले. आम्ही व्याख्या वाचून दाखवली. ते म्हणाले, "फादर, हे तर खेळते भांडवल! यानेच तर मालकाची झोप उडते." मग त्यांनी सांगितले ते कोणत्याही पुस्तकात इतके स्वच्छ नव्हते. सरकारी धान भरडाईला येते तेव्हा एक क्विंटल धानामागे ६७ किलो कच्चा तांदूळ परत द्यावा लागतो. धान ओलसर असले, तुकडा अधिक पडला, की तेवढा तांदूळ निघत नाही. तूट मिलवाल्याने आपल्या पदरची भरावयाची. हमाल, वीज, बारदाना यांचे पैसे आज द्यावयाचे आणि भरडाईचे बिल निघेल तेव्हा निघेल. मधल्या त्या दिवसांचे नाव खेळते भांडवल. त्या सायंकाळी आम्ही विद्यार्थी होतो. वीस वर्षे एखादे काम निष्ठेने केलेल्या माणसाजवळ विद्या असतेच. पदवीचा अभ्यास तिला नाव देतो, आणि नाव मिळाले की माणूस ती दुसऱ्याला सांगू शकतो.

सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबर या दोन महिन्यांत. महानगरातील नोकरदाराला हे महिने सारखेच असतील. गोंदियात ते तसे नाहीत. जूनमध्ये पऱ्हे टाकण्याची घाई, शाळा उघडण्याची धांदल. डिसेंबरात धानाची मळणी, खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या रांगा आणि मुनीमजींना रात्री दहापर्यंत मिल सुटत नाही. आमचा डिसेंबर म्हणजे आगमनकाळ, पापनिवेदने, घरोघरच्या भेटी आणि नाताळची तयारी. एका वर्षी आम्ही सांख्यिकीच्या पेपराला गव्हाणीच्या पेंढ्याचे कण कपड्यांवर घेऊनच गेलो होतो. ज्यांचे शिक्षण अशा वयात अर्धवट राहते त्यांना बुद्धी कमी पडते असे आम्हांस कोठेही दिसले नाही. कमी पडतात ते दिवस.

प्रकल्पासाठी आम्ही विषय निवडला तो आमच्या वसतिगृहातील तांदळाचा. साठ मुले, रोज माणशी ४०० ग्रॅम, वर्षाचे ३०० दिवस. म्हणजे ७२ क्विंटल. हा तांदूळ महिन्याच्या महिन्याला बाजारातून येत असे. पावसाळ्यात भाव चढतात हे सर्वांनाच ठाऊक. परंतु जानेवारीत वर्षाचा साठा एकदम घ्यावा तर हातातली सगळी रोकड अडकते आणि किडीचे भय वेगळे. तीन वर्षांच्या बिलांची मांडणी करून उत्तर निघाले ते मधले होते: पावसाळ्यापुरता अर्धा तांदूळ, ३६ क्विंटल, जानेवारीत घ्यावा, उरलेला पूर्वीप्रमाणे दरमहा. यातून वाचलेली रक्कम एका मुलाच्या वर्षभराच्या जेवणाइतकी भरली. पुढल्या जूनमध्ये सालेकसा तालुक्यातील एक मुलगी वसतिगृहात अधिक घेता आली. प्रकल्पाला किती गुण मिळाले हे आम्ही विसरूनही जाऊ; ते एकसष्टावे ताट विसरणार नाही. हरवलेल्या मेंढराचा दाखला आम्ही किती वेळा सांगितला असेल! मेंढपाळाने संध्याकाळी कळप मोजला म्हणूनच एक कमी असल्याचे त्यास समजले, हे मात्र ताळेबंद शिकताना अधिक उमगले. मोजणे आणि माया करणे यांत वैर नाही.

२०२५ मध्ये आमचा आणि मुनीमजींचा निकाल लागला. वित्तव्यवस्थापनाचा त्यांचा पेपर दोनदा राहिला होता, तोही शेवटी सुटला. त्यांचा पगार त्यामुळे वाढला असे नाही. हे स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण पदवी म्हणजे बढतीची हुंडी असे समजून पुष्कळ जण अर्ज भरतात आणि निराश होतात. पण बँकेचे अधिकारी कर्जमर्यादेविषयी बोलावयास येतात तेव्हा आता मालक त्यांना खुर्ची देऊन शेजारी बसवतात. आणि ज्या मुलीने त्यांचे स्वाध्याय मध्यरात्री तपासून दिले, तिने बारावीनंतर वाणिज्य शाखा घेतली आहे.

शिक्षिकांचे १९ विषय झाले आणि तेथेच थांबले. तिसऱ्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. शाळा, दोन मुले, आजाऱ्याची शुश्रूषा आणि स्वयंपाक यांत अडीच तासांना जागा उरली नाही. आम्हा तिघांत स्वाध्यायांना सर्वाधिक गुण त्यांचे असत. मुनीमजी परीक्षेला जात तेव्हा त्यांच्या पत्नी व मुली घर सांभाळीत. आम्ही अभ्यासाला बसलो की स्वयंपाकघरातून चहा येई आणि दारावरची माणसे सहाय्यक फादर पाहत. बाईंना चहा स्वतःच करावा लागे, आणि तोही चौघांचा. मुदत संपली तरी पुनःप्रवेशाची सोय विद्यापीठात आहे. उरलेल्या नऊ विषयांचे काय, असे विचारता त्या म्हणाल्या, "पुस्तके कव्हर घालून ठेवली आहेत, फादर."

वाचकहो, पदवीच्या कागदावर एकच नाव छापलेले असते. पण आमच्यापुरता ताळेबंद मांडला तर त्या ३,४८० तासांतील प्रत्येक तास घरातल्या कोणीतरी उसना दिलेला आहे. पुरुषाला तो न मागता मिळतो, बाईला मागूनही मिळत नाही, हे आपल्या ख्रिस्ती घरांनीही मान्य करावयास हवे. यंदापासून आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहातील एक खोली रोज सायंकाळी सात ते साडेनऊ प्रौढ विद्यार्थ्यांसाठी उघडी असते. शिक्षिकांच्या आजारी सासूबाईंजवळ आठवड्यातील तीन संध्याकाळी बसण्याचे धर्मग्रामातील तीन कुटुंबांनी पत्करले आहे. त्यांनी जानेवारीत पुनःप्रवेशाचा अर्ज भरावा, असे ठरते आहे.

कोणी अर्ज भरला की आपण पेढे वाटतो, फलकावर नाव लिहितो. तेही करावेच. परंतु त्यानंतर तिसऱ्या वर्षी, धानाच्या मळणीच्या दिवसांत, त्याच्या किंवा तिच्या घरी एखाद्या संध्याकाळी जावे, मुलांना थोडा वेळ आपल्याजवळ घ्यावे आणि किती विषय राहिले एवढे प्रेमाने विचारावे.