राहून गेलेली सफारी

‘सफारी’ म्हटले की आमच्या पिढीच्या माणसाला आधी आठवतो तो लग्नाकार्यात घालायचा टेरिकॉटचा सूट. सिंह, जिराफ वगैरे मंडळी नंतर! वास्तविक स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे नुसता प्रवास. अरबीतल्या ज्या शब्दापासून ती निघाली, त्याच शब्दापासून आपली ‘सफर’. म्हणजे दोघी सख्ख्या बहिणीच. नैरोबीचा माणूस मामाच्या गावाला निघाला तरी तो सफारीलाच निघतो.

आमची सफारी ठरली होती २०२० च्या ऑगस्टमध्ये. केनियातले मसाई मारा. आम्ही उभयता, कन्या, चिरंजीव आणि आमची आई, असे पाच जण. फेब्रुवारीतच डॉक्टरांना विचारून पिवळ्या तापाची लस टोचून घेतली. मार्चमध्ये करोनाने विमाने जमिनीला खिळवली. पुढे कन्येची दहावी आडवी आली, मग आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, मग कन्येची बारावी, मग चिरंजीवांची दहावी. दरम्यान मुलांच्या पासपोर्टांची मुदत संपली. लसीचा दाखला मात्र जन्मभर चालतो. आमच्या साऱ्या बेतात तेवढा एकच कागद शाबूत राहिला!

पण जेवणाच्या टेबलावर ही सफारी कधीच थांबली नाही. भिंतीवर नकाशा आहे, कपाटात दुर्बीण आहे. मनाने हा प्रवास आम्ही इतक्या वेळा केला आहे की वाचकांनाही बरोबर नेता येईल. चला तर!

मुंबईहून नैरोबीला विमानाने सुमारे सहा तास. तिथे घड्याळ अडीच तास मागे करायचे. आफ्रिका म्हणजे उकाडा, ही समजूत विमानतळावरच गळून पडते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर, त्यामुळे ऑगस्टच्या सकाळी स्वेटर हवा. १८९९ साली रेल्वेचा तळ म्हणून हे गाव वसले. तो लोहमार्ग बांधायला हिंदुस्थानातून ३०,००० च्या वर मजूर नेले होते. स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’ आणि चपातीला ‘चपाती’च म्हणतात. हे ऐकल्यावर आई म्हणाली, “मग माझे काही अडायचे नाही.”

शहर मागे पडले की रस्ता एकाएकी कड्यावर येतो आणि खाली पसरते ग्रेट रिफ्ट व्हॅली. पृथ्वीची पाठ ताणून फाटत चालल्याची ही खूण. आमच्यासारख्या खंडाळ्याच्या घाटाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी येथे थोडा वेळ गप्प बसावे. पुढे नारोक गाव, आणि मग गवतच गवत. मधूनच छत्रीसारखी पसरलेली काटेरी झाडे. ती आपल्या बाभळीच्याच कुळातली.

या गवतावर पंगती बसतात. पहिल्या पंगतीला झेब्रे. उंच, जून शेंडे ते खाऊन टाकतात. दुसरीला नू. बैलाचे डोके, घोड्याची आयाळ आणि बोकडाची दाढी असलेला हा प्राणी खालचा पाला खातो. मग जे कोवळे अंकुर फुटतात त्यांच्यावर तिसरी पंगत, छोट्या गॅझेल हरणांची. कोणी कोणाच्या पानातले ओढत नाही. यजमान म्हणून सिंह जवळपास असतोच, पण तो वाढण्यापेक्षा जेवणाऱ्यांकडेच पाहत असतो!

फेब्रुवारीच्या सुमारास, दक्षिणेला टांझानियात, सेरेंगेटीच्या आखूड गवतावर दोन-तीन आठवड्यांत नूंची लाखो वासरे जन्मतात. पावसामागून कळप उत्तरेला सरकतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये मारा नदीच्या काठी येऊन ठाकतो. पुढारी कोणी नाही. हजारो जनावरे काठावर घुटमळतात, कधी तास, कधी दिवसभर. मग एक जण उडी घेतो आणि मागून सारे. खाली मगरी आहेत, पण गवत पलीकडे आहे.

हा देखावा एकेकाळी जवळजवळ बुडाला होता. १८९० च्या सुमारास तिथे बुळकांडीची साथ आली. गुरे मेली, नू मेले, गुरांवर जगणारे मसाई लोक उपासमारीने मेले. पुढेही ही साथ नूंच्या वासरांना मारत राहिली. मग भोवतालच्या गुरांना लस टोचू लागले आणि रोग हटला. १९६० च्या आरंभी नू होते सुमारे २.५ लाख. १९७७ पर्यंत ते १३ लाखांच्या घरात गेले. २०११ साली तर बुळकांडी जगातूनच नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. हे मुले मोठ्याने वाचत होती तेव्हा आई पोळी लाटायची थांबली. बुळकांडी हा शब्द तिला माहेरच्या गोठ्यातून ठाऊक. लहानपणी तिने रिकामी दावी पाहिली होती. आमच्या घरात आफ्रिका खरी कळली ती तिला.

लांबलेल्या सहलीची दुसरी बाजूही आहे. माराच्या भोवतालची पुष्कळशी जमीन मसाई कुटुंबांची. ती वन्य प्राण्यांसाठी मोकळी ठेवावी म्हणून पर्यटकांचे तंबू चालवणारे त्यांना भाडे देतात. २०२० मध्ये पाहुणे थांबले आणि भाड्याला कात्री लागली. आमची तेव्हा रजा बुडाली. तिथे मोटार हाकणाऱ्याचा रोजगार बुडाला. जमीन मोकळी ठेवणे परवडले नाही, तर कुंपणे उभी राहतात आणि कळपांची वाट अडते.

आता आई ८१ वर्षांची आहे. कन्या पुढल्या वर्षी शिक्षणासाठी परगावी जाणार. पाचही जण एका छपराखाली असण्याचे हे शेवटचे वर्ष. डॉक्टर म्हणाले, मोटारीचे लांबचे हादरे नकोत. रस्त्याने जायचे तर पाच-सहा तास. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटे विमान पाऊण तासात माराच्या माळावर उतरवते, पण त्याचे भाडे जबर. परवा रात्री पुन्हा हिशेब मांडला. सात दिवसांचे चार केले, तेव्हा पाच जणांचे विमान बसले.

चार दिवसांत नदी ओलांडणारे कळप दिसतीलच असे नाही, हे आईला आधीच सांगून ठेवले. ती म्हणाली, “न दिसेनात. मला त्या पंगती पाहायच्या आहेत.”

पासपोर्टांचे अर्ज सोमवारी भरले.