पिस्टन पुन्हा पुन्हा का जातो?

टू-स्ट्रोक गाडी बिघडली की गॅरेजवाला दोन-चार किका मारतो, कान लावतो आणि म्हणतो, “बोअर-पिस्टन करावे लागेल.” या एका वाक्याने किती घरांचा महिन्याचा किराणा गेला असेल! आमच्या नात्यातील एका घराचा दोनदा गेला, म्हणून हा विषय घेतला आहे.

आमचा पुतण्या व त्याचे दोन मित्र, तिघेही कंत्राटी कामगार. तिघांनाही मातीच्या ट्रॅकवर गाडी पळविण्याचा नाद. शर्यतीसाठी तयार होणारी परदेशी डर्ट बाईक त्यांच्या आवाक्यातली नाही. तेव्हा पोरांनी वर्गणी काढून जुनी आर.एक्स. १०० घेतली आणि तिला मातीत पकड धरणारे खाचांचे टायर चढविले. ९८ सी.सी.ची ही हलकी गाडी १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे तयार होत असे. जुनी असली तरी अंगात रग आहे.

पहिल्यांदा पिस्टन जाम झाला, नवा बसविला. तीन महिन्यांत पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेचे पैसे वहिनींनी बचतगटातून काढून दिले. त्यानंतरही गाडी तापली की दम तोडू लागली आणि गॅरेजवाल्याने पुन्हा तेच वाक्य ऐकविले. वहिनी आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हीच बघा आता. या गाडीनं घर खाल्लं.”

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, मेकॅनिक नव्हे. पण वीस वर्षे टू-स्ट्रोक स्कूटर वापरली आहे. आणि खतावणी जुळली नाही तर फरक ‘सस्पेन्स’ला टाकून घरी जाता येत नाही, एकेक नोंद पडताळावी लागते, एवढे कारकुनीने शिकविले आहे. आमचा प्रश्न साधा होता. पिस्टन जातो हे दिसतेच आहे. पण तो का जातो?

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँकच्या खोलीत जाते, मग वर. त्याच्याबरोबरच ऑइलही जाते. पोरांनी ऑइल पंप काढून टाकला होता व ऑइल पेट्रोलमध्येच मिसळत होते. म्हणजे वाटेत कुठे फुकटची हवा शिरली तर पेट्रोल कमी पडणार आणि ऑइलही. मग इंजिन भाजते, पिस्टन फुगतो आणि बोअरला घासून अडकतो.

प्रथम प्लग काढला. ठीक चाललेल्या इंजिनाचा प्लग आतून चहाच्या रंगाचा असतो. काळा-ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, अथवा एअर फिल्टर तुंबलेला. आमचा निघाला पांढराफटक, म्हणजे हवा जास्त. दुसरी खूण अशी, की ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी लवकर उतरत नव्हती, भणभणत राहायची. किकला जोर चांगला होता. सायलेन्सर कार्बनने तुंबला असता तरी पिकअप गेला असता; तो मोकळा होता. कार्बोरेटरचे जेट फुंकून साफ केले, कारण जेट तुंबला तरी प्लग पांढरा पडतो. फरक पडला नाही.

मग गाडी चालू ठेवून कार्बोरेटर व इंजिन यांमधल्या रबरी जॉइंटवर साबणाचे पाणी सोडले. (काही जण येथे पेट्रोल शिंपडतात. तापल्या इंजिनावर हा आगीशी खेळ आहे, कोणी करू नये.) पाणी आत ओढले गेले, आवाज लगेच बदलला. जॉइंट काढून वाकविला तेव्हा खालच्या बाजूची चीर दिसली. नुसते बघून दिसणारी नव्हती. याच चिरेतून फिल्टर चुकवून ट्रॅकची धूळही आत जात होती. रिंगा झिजल्या होत्या त्या त्यामुळे.

नवा जॉइंट व रिंगा मिळून आलेला खर्च बोअर-पिस्टनच्या पासंगालाही पुरणारा नव्हता. मॅग्नेटच्या बाजूचे क्रँकचे ऑइल सील फाटले तरी अशीच हवा शिरते. म्हणून इंजिनाची तोंडे बंद करून सुमारे ६ पी.एस.आय. दाब भरून पाहिला. काटा हलला नाही.

एक फेरी मारून पुतण्याने प्लग काढून वहिनींनाच दाखविला. रंग चहाचा आला होता. त्यांनी विचारले, “मग मागच्या दोन पिस्टनचे पैसे?” त्याला कोणाकडेच उत्तर नव्हते. बचतगटाचे चार हप्ते बाकी आहेत; तिघे पोरे ते आळीपाळीने भरत आहेत.