पाठभेद आणि मृत्युदंड

मराठी शिकविणाऱ्यांनी कायद्यातील संशोधनावर बोलावे का, असे कुणी विचारील. पुरावा तपासण्याची जी शिस्त आम्ही पाठचिकित्सेत शिकलो, तीच तेथेही लागते. आणि तेथे प्रश्न कधी कधी माणसाच्या प्राणांचा असतो, एवढेच आमचे उत्तर आहे.

आयझॅक अर्लिक या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली अमेरिकेतील १९३३ ते १९६९ या काळातील आकडेवारीवरून असा अंदाज मांडला की, मृत्युदंडाच्या प्रत्येक अंमलबजावणीमागे ७ ते ८ खून टळत असावेत. मृत्युदंडाचा वाद तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयासमोर होता आणि सरकारी पक्षाने या अभ्यासाचा आधार घेतला. १९७६ साली न्यायालयाने हा पुरावा अनिर्णायक मानला. मृत्युदंड मात्र अन्य कारणांनी वैध ठरविला.

दरम्यान इतर अभ्यासकांनी गणित पुन्हा मांडून पाहिले. १९६२ नंतरची वर्षे वगळताच तो धाक दिसेनासा झाला. त्या शेवटच्या वर्षांत मृत्युदंडाची अंमलबजावणी जवळजवळ थांबली होती आणि खुनांबरोबर इतर गुन्हेही वाढत होते. समीकरणाचे रूप बदलले, तरी उत्तर बदलत होते. लबाडीचा आरोप करण्याचे येथे कारण नाही. गणित बरोबर असूनही निष्कर्ष एका निवडीवर उभा असू शकतो, आणि ती निवड निष्कर्षाच्या वाक्यात दिसत नाही.

येथे आम्हांला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सित आवृत्ती आठवते. १९१९ मध्ये हाती घेतलेले ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. संपादकांनी स्वीकारलेला पाठ वर छापला आणि नाकारलेले पाठ त्याच पृष्ठावर खाली दिले. ज्याला संपादकांचा निर्णय पटत नाही, त्याला त्यांच्याच सामग्रीतून वेगळा पाठ उभा करता येतो. विधिसंशोधनाकडून आमची मागणी याहून मोठी नाही: मूळ आकडे द्या, आणि कोणती वर्षे, कोणती समीकरणे का सोडली तेही सांगा.

आमचे मन मृत्युदंडाच्या विरुद्ध आहे. त्यामुळे अर्लिक यांच्या अभ्यासाची फेरतपासणी वाचताना आम्हांला बरे वाटले. आणि बरे वाटले, म्हणूनच पुढचे सावधपणे वाचले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २०१२ साली सांगितले की, मृत्युदंडाने खून घटतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, हे आजवरच्या अभ्यासांवरून कळत नाही. म्हणजे 'धाक बसत नाही' असे सिद्ध झाल्याचा दावा आम्हांलाही करता येत नाही. आमचा विरोध न्यायाच्या आणि करुणेच्या आधारावर उभा राहील. उसन्या आकड्यावर नव्हे.

'फाशीशिवाय जरब बसणार नाही' हे वाक्य विद्यार्थ्यांच्या निबंधांत दरवर्षी येते. आम्ही ते खोडत नाही. समासात 'कशावरून?' एवढेच लिहितो. उलट बाजूच्या निबंधालाही तोच प्रश्न असतो.