आदिलशहाच्या वाड्यातलं वार्तांकन

पणजीच्या सचिवालयात, म्हणजे आदिलशहाच्या जुन्या वाड्यात, विधानसभेचं वार्तांकन करायचो, तेव्हा त्या वास्तूचं मला फारसं अप्रूप नव्हतं. कामकाज रेंगाळलं की बाहेर येऊन मांडवी बघत उभं राहायचं, एवढाच संबंध. पावसाळी अधिवेशनात एकदा नदीत खनिजाची एकही बार्ज दिसेना. शेजारी विडी ओढत बसलेला म्हातारा शिपाई म्हणाला, "आग्वादचो बार बंद जालो न्ही, पात्राव!"

त्या एका वाक्याने मला १५१० साल उलगडलं. बार म्हणजे नदीच्या मुखावरचा वाळूचा दांडा; पावसाळ्यात त्याच्यावर लाटा फुटतात, जहाजं बाहेर पडत नाहीत. त्या साली फेब्रुवारीत गोवा घेतलेल्या पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कला मे महिन्यात आदिलशाही फौजेने हुसकावलं, आणि त्याचं आरमार मांडवीतच कोंडलं गेलं. वर पाऊस, पोटात भूक. खलाशांवर उंदीर खायची पाळी आली. आणि तोफा डागल्या जात होत्या त्या याच वाड्यातून! यूसुफ आदिलशहाने हौसेने बांधलेला उन्हाळी महाल तोवर किल्ला झाला होता. शेवटी जूनमध्ये आल्बुकर्कने रात्री होड्या सोडून वाड्यावर छापा घातला. तोफा आणि धान्य दोन्ही पळवलं. नोव्हेंबरात तो परतला, तो राज्यच घेऊन बसला.

पुढची दोन-अडीच शतकं पोर्तुगीजांना हा वाडा धर्मशाळेसारखा. नवा व्हाइसरॉय आला की इथे उतरायचा, मग वाजतगाजत जुन्या गोव्यात जायचा. तिथे रोगराईने माणसं टिकेनात, तेव्हा १७५९ मध्ये व्हाइसरॉयने बिऱ्हाडच इथे हलवलं. १९१८ मध्ये गव्हर्नर जनरल काबोला गेला, थेट नदीच्या मुखावर. सत्तेचं घर असं दर खेपेला समुद्राकडेच सरकत गेलं. राज्य बोटींवर चालत होतं, दुसरं काय होणार?

गोवा मुक्तीनंतर वाड्याच्या दारावरच्या पोर्तुगीज राजचिन्हाच्या जागी अशोकचक्र आलं. ९ जानेवारी १९६४ ला पहिली विधानसभा इथेच बसली. महाराष्ट्रात विलीनीकरणाचा वाद इथे तापला, १९८७ चं राजभाषा विधेयकही इथेच संमत झालं. कोकणी-मराठी वादाच्या त्या दिवसांत पत्रकारांच्या बाकावरही एकमेकांशी कुणी धड बोलत नव्हतं.

२००० मध्ये विधानसभा पर्वरीला गेली. तिथे गाडी लावायला जागा मुबलक आहे, हे मान्य.